सॅमनची हॅचरी बघायला जाताय? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

नागपुरात आता प्रत्येक गल्लीत एखादं घर असं सापडतं, ज्यांचा मुलगा नाहीतर मुलगी सिएटल, रेडमंड, पोर्टलंड, व्हँकुव्हर नाहीतर सॅक्रामेंटोकडे आहे. आईबाबा तिकडे गेले की मुलं कधीतरी म्हणतातच, "चला, सॅमन बघून येऊ." आणि आईबाबांना वाटतं, मासे काय बघायचे, त्यापेक्षा कॉस्टकोला जाऊ! हे पान त्यांच्यासाठी. यात सिएटलजवळच्या इसाक्वा गावातल्या हॅचरीबद्दल जास्त आहे, कारण पहिल्यांदा बघणाऱ्याला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. बाकीच्यांची माहिती पुढे ओघाने येईल.

हॅचरी म्हणजे मत्स्यालय का?

नाही. आपल्याकडे मत्स्यबीज केंद्र असतं, तसलंच ते काम. फरक एवढाच, की इथे मासे कोणी जाळ्यात धरून आणत नाही. समुद्रात दोन-चार वर्षं काढलेले मोठे मासे अंडी घालायला आपल्या पायाने, म्हणजे परांनी, नदी चढून येतात आणि हॅचरीच्या दारात हजर होतात. तिथे त्यांची अंडी काढायची, फळवायची, उबवायची, पिल्लं काही महिने सांभाळायची आणि परत त्याच ओढ्यात सोडायची. पिल्लं समुद्रात जातात, वाढतात आणि वाचली तर तिथेच परत येतात.

म्हणजे तुम्ही जाता ते चालू कामाच्या जागी. गमबूट घातलेली माणसं तुमच्यासमोर आपलं काम करत असतात. तुमच्यासाठी कोणी खेळ लावलेला नसतो, त्यामुळे चुकीच्या महिन्यात गेलात तर रिकामी टाकी बघून परत यावं लागतं.

मग कोणत्या महिन्यात जावं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि नागपूरकरांची गाडी नेमकी इथेच अडते. आपला ठरलेला शिरस्ता असा, की एप्रिल-मेमध्ये इथला पारा पंचेचाळिशीला टेकला की तिकडे पळायचं आणि गणपतीला, फार तर नवरात्राला परत यायचं. सॅमनचं वेळापत्रक बरोबर उलटं आहे. इसाक्वाच्या ओढ्यात चिनूक जातीचे मासे ऑगस्टच्या शेवटी तुरळक दिसू लागतात, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत त्यांची गर्दी असते. त्यांच्यामागून कोहो जातीचे येतात, ते नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे आपण सामान बांधतो तेव्हा ते पोचतात.

व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहायला मिळतात. ते जुलै ते नोव्हेंबर असे वापरले तर सॅमनही दिसतो आणि झाडांचे पिवळे-तांबडे रंगही. दिवाळी तिकडे होते, हे खरं. घरी कुलूप लावून दिवाळी करायची तयारी नसेल, तर निदान ऑक्टोबरचा पहिला आठवडा पदरात पाडून मग परतीचं तिकीट काढा.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी इसाक्वात 'सॅमन डेज' नावाची मोठी जत्रा भरते. रस्ते बंद, गाड्या लांब लावायच्या, खाण्याच्या गाड्यांपुढे रांगा. हौस असेल तर जरूर जा, पण मासे बघायचे असतील तर त्याच्या पुढेमागे एखादा मंगळवार-बुधवार धरा. माझं मत विचाराल तर जत्रा टाळाच.

आणि ऑगस्टमध्येच परत यायचं असेल तर हॅचरीऐवजी सिएटलमधल्या बॅलार्ड लॉक्सला जा. खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात बोटी चढवण्यासाठी १९१७ मध्ये उघडलेली ही दारं. त्यांच्या शेजारी माशांसाठी पाण्याचा जिना आहे, आणि जमिनीखालच्या खोलीत काचा बसवल्या आहेत. जुलैमध्ये सॉकाय आणि ऑगस्टमध्ये चिनूक त्या काचेपलीकडून जाताना दिसतात. इसाक्वाला जाणारे मासेही याच दारातून जातात, फक्त काही आठवडे आधी.

इसाक्वाला पोचायचं कसं? तिकीट किती?

तिकीट नाही. सिएटलच्या मध्यभागातून आय-९० या महामार्गाने पूर्वेला साधारण २७ किलोमीटर. रेडमंड-बेलव्ह्यूकडून तर अजून जवळ. हॅचरी गावाच्या मधोमध आहे, आजूबाजूला कॉफीची दुकानं आहेत. आवार रोज दिवसभर खुलं असतं. हंगामात स्वयंसेवक फिरून माहिती सांगतात, त्यात बरीचशी निवृत्त मंडळी असतात आणि ती आपल्याशी मनापासून बोलतात. इंग्रजी बोलायचा संकोच करू नका, एक प्रश्न विचारलात की पुढची पंधरा मिनिटं तेच बोलतील.

पावसाळी जाकीट घ्या. तिथला ऑक्टोबर म्हणजे आपला डिसेंबर, वर दिवसभर झिरमिर पाऊस. छत्रीने मागच्याला दिसत नाही.

तिथे गेल्यावर नेमकं दिसतं काय?

आधी ओढ्यावरच्या पुलावर थांबा. खाली आडवा बंधारा आहे, माशांनी त्यापुढे न जाता बाजूच्या जिन्यात शिरावं म्हणून घातलेला. सुरुवातीला काहीच दिसत नाही, नुसतं पाणी आणि दगड. डोळा सरावला की कळतं, दगड वाटले ते सगळे मासे आहेत. प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी हलवत, जागच्या जागी. मधूनच एखादा उसळी घेतो, बंधाऱ्यावर आपटतो आणि मागे पडतो. तीन फुटांचा मासा काँक्रीटवर आपटल्याचा तो थाडकन आवाज पुलावर ऐकू येतो, आणि पोट्टे दर वेळी ओरडतात.

मग जिन्याच्या काचांपाशी या. इथे मासा हातभर अंतरावर असतो. दुकानातला चकचकीत चंदेरी सॅमन विसरा. नदीत शिरल्यापासून त्याने काही खाल्लेलं नसतं, अंगावरची चरबी प्रवासात संपलेली असते. चिनूक काळपट-तपकिरी झालेला, कोहोच्या कुशी लाल. नराचा जबडा पुढे वाढून आकड्यासारखा वळतो, इतका की तोंड नीट मिटत नाही, आणि दात बाहेर येतात. शेपटीची टोकं दगडांनी घासून पांढरी पडलेली, पाठीवर बुरशीचे पांढरे चट्टे. जिवंतपणीच तो झिजत चाललेला असतो. आमच्या ओळखीतल्या एक काकू हे बघून म्हणाल्या, "बाप्पा, याला कोणी दवाखान्यात न्या!"

अंडी काढण्याचं काम ठरावीक दिवशीच असतं, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून किंवा तिथल्या स्वयंसेवकांना विचारून जा. कामगार टाकीत उतरतो, एकेक मादी उचलून पोट चाचपतो. घट्ट लागलं तर अजून पिकली नाही, परत पाण्यात. मऊ लागलं तर तिची पाळी. पोट चिरलं की अंड्यांचा लोंढा बादलीत पडतो. वाटाण्याएवढी एकेक, आणि रंग-चमक अगदी सोललेल्या संत्र्याच्या फोडीतल्या रसाच्या कणांसारखी. चिनूकची एक मादी चार-पाच हजार अंडी देते. त्यावर नराचं वीर्य पिळायचं, मग पाणी घालायचं. पाणी लागल्यावर शुक्राणू जेमतेम मिनिटभर तग धरतात, त्यामुळे त्या घडीला कोणी गप्पा मारत नाही.

फळलेली अंडी थंड वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये जातात. पाणी दहा अंशांचं असेल तर पिल्लू बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. मधल्या काळात अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात, ते पिल्लाचे डोळे. बाहेर आल्यावरही कित्येक दिवस ते पोटाला चिकटलेल्या पिशवीतल्या बलकावरच जगतं.

म्हणजे मासे मारतात?

हो. मारून मगच अंडी काढतात, डोक्यावर एक घाव आणि संपलं. हे लपवलेलं नसतं, आणि मला वाटतं ते बरंच आहे.

पण हेही समजून घ्या, की पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतोच. ओढ्यात सोडला तरी आठ-पंधरा दिवसांत. आपला रोहू-कटला दरवर्षी अंडी देऊ शकतो, याच्या नशिबी ते एकदाच. त्याचा सगळा जीव अंड्यांत आणि चढणीत खर्च झालेला असतो. अटलांटिक सॅमन किंवा स्टीलहेड ट्राउट यांच्यातले काही जगून पुन्हा समुद्रात जातात, पण चिनूक आणि कोहो नाहीत.

मेलेल्या माशांचं काय करायचं, ते त्यांच्या स्थितीवर ठरतं. बरे असतील ते खाण्यासाठी जातात, काही परत जंगलातल्या ओढ्यांत टाकले जातात. ते वाया घालवणं नव्हे. समुद्रातून आलेलं हे खत ओढ्यातले किडे खातात, त्या किड्यांना माशांची पिल्लं खातात, अस्वलं आणि गरुड उरलेलं जंगलात ओढून नेतात, ते झाडांच्या मुळाशी जातं. अंड्यांचा कोटा पुरा झाला की उरलेले मासे बंधाऱ्याच्या वर सोडतात, ते आपले आपण अंडी घालतात.

एवढ्या समुद्रातून नेमक्या याच ओढ्यात कसे येतात?

समुद्रातला लांबचा प्रवास ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या आधाराने करतात असं मानलं जातं. किनाऱ्याजवळ आल्यावर मात्र काम नाकाचं. लहानपणी ज्या पाण्यात वाढले त्याचा वास त्यांच्या डोक्यात बसलेला असतो: तिथली माती, झाडपाला, शेवाळ.

आणि गंमत म्हणजे याचा गाजलेला पुरावा इसाक्वाच्याच ओढ्यातला आहे. विस्बी आणि हॅस्लर या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये तो छापला. या ओढ्याला गावाजवळ दोन फाटे फुटतात. दोन्ही फाट्यांतून कोहो पकडले, अर्ध्यांच्या नाकपुड्यांत कापूस कोंबला आणि सगळे फाट्याच्या खाली नेऊन सोडले. ज्यांचं नाक मोकळं होतं ते बहुतांशी आपापल्या फाट्यात बरोबर परतले. कापूसवाले कुठेही भरकटले. पुलावर उभं राहून नातवंडांना हे सांगा, मोबाइल खाली ठेवतील.

नदीत आपोआप पैदास होत नाही का? हॅचरीचा खटाटोप कशाला?

होत होती, भरपूर. इसाक्वा हे कोळसा खाणी आणि लाकूडतोडीचं गाव. त्या धंद्यांनी ओढ्याची वाट लागली, मासे रोडावले, म्हणून १९३६ मध्ये मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून ही हॅचरी बांधली. उमरेड, वणी, चंद्रपूर बघितलेल्या माणसाला खाणीजवळच्या पाण्याचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

इतर ठिकाणी कारण धरणांचं. कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरण १९३८ मध्ये झालं, त्याला माशांचे जिने तरी आहेत. वरच्या ग्रँड कूली धरणाला तेही नाहीत, त्यामुळे त्यापुढची सगळी नदी सॅमनला कायमची बंद झाली. धरण बांधायचं आणि भरपाई म्हणून खाली हॅचरी काढायची, हा तिकडचा जुना व्यवहार. पहिली सरकारी सॅमन हॅचरी तर १८७२ मध्येच कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीवर लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी सुरू केली होती.

हा व्यवहार पुरता पडला का, यावर तिकडे कडाक्याचं भांडण आहे. हॅचरीत वाढलेल्या माशांच्या पिढ्या ओढ्यात जगायला कच्च्या निघतात, रानटी माशांशी अन्नासाठी झगडतात, त्यांच्यात मिसळून त्यांचा वाण बिघडवतात, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं. इतक्या हॅचऱ्या असूनही प्युजेट साउंड या सिएटललगतच्या खाडीतला चिनूक १९९९ पासून धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. उलट बाजूला मूळ जमाती आहेत. १८५० च्या दशकातल्या करारांत मासेमारीचा हक्क राखून त्यांनी जमिनी दिल्या, आणि १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला, की पकडण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा त्यांचा. नदीत मासाच नसेल तर अर्ध्याचं काय करायचं? म्हणून त्यांना हॅचऱ्या हव्या आहेत. मला दोन्ही बाजू पटतात, आणि धरणं काढणारे जास्त पटतात. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, क्लॅमथवरची चार २०२४ पर्यंत गेली. क्लॅमथवरचं काम संपल्यावर त्याच शरद ऋतूत सॅमन वर चढले.

काही माशांच्या पाठीवरचा शेपटीजवळचा बारका पर नसतो. तुटलेला असतो का?

कापलेला. पिल्लू असताना हॅचरीवाले तो काढतात, म्हणजे पुढे मासा हॅचरीचा की रानटी हे बघताक्षणी कळतं. बऱ्याच नद्यांत गळ टाकणाऱ्याला पर नसलेलाच मासा ठेवता येतो, पर असलेला सोडून द्यावा लागतो. काहींच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तार टोचलेली असते, तिच्यावरच्या खुणेवरून कोणत्या हॅचरीचा, कोणत्या वर्षाचा ते समजतं.

आम्ही शाकाहारी, त्यातून माळकरी. जावं का?

जावं. पूल आणि काचा बघा, अंडी काढण्याच्या शेडकडे वळू नका. नोव्हेंबरमध्ये ओढ्याकाठी कुजका वास असतो, तेवढं मनाशी धरून चला.

माशांना काही खायला टाकलं तर?

टाकू नका. देवळाच्या तळ्यात कणकेच्या गोळ्या टाकायची सवय हाताला असते, पण इथे मनाई आहे. आणि तसंही, परतीचा सॅमन खातच नाही.

आपला रावस म्हणजे हाच ना?

नाही. बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून खपवतात, पण तो वेगळ्याच कुळातला, आपल्या किनाऱ्यावरचा मासा. नागपुरातल्या मोठ्या हॉटेलात जो गुलाबी सॅमन मिळतो तो बहुतेक वेळा अटलांटिक सॅमन असतो, नॉर्वेकडच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला. ती शेती, हॅचरी नव्हे. हॅचरी पिल्लं मोकळी सोडते, शेतीवाले शेवटपर्यंत कोंडून वाढवतात. अलास्कात हॅचऱ्या पुष्कळ आहेत, पण पिंजऱ्यातल्या मत्स्यशेतीवर १९९० पासून बंदी आहे.

तिथे मासा विकत मिळतो का? सावजी रस्सा करता येईल?

हॅचरीत विक्री नाही, आणि तो घ्यावासाही वाटणार नाही: चरबी संपलेली, मांस पांढुरकं आणि मऊ. रंग देणारं द्रव्य अंड्यांत आणि कातडीत निघून गेलेलं असतं. समुद्रात पकडलेला दुकानातून घ्या. सावजीचं म्हणाल तर माझा सल्ला नाही असाच. सॅमनचं मांस पापुद्र्यापापुद्र्याने सुटतं, त्या मसाल्यात उकळलं की रश्श्यात चुरा होतो, आणि लवंग-मिऱ्यांपुढे त्याची स्वतःची चव उरत नाही. हळद, तिखट, लिंबू लावून रव्यात घोळवा आणि तव्यावर कमी तेलात परता. सावजीला आपला रोहूच बरा, काट्यासकट.

सिएटलला कोणी नाही. दुसरीकडे कुठे?

पोर्टलंडहून तासाभरावर कोलंबिया नदीकाठी बॉनव्हिल हॅचरी आहे, १९०९ पासूनची. तिथे दहा फुटांहून लांब स्टर्जन मासा काचेतून बघायला मिळतो, त्याचं नाव हर्मन. शेजारचं धरणही बघून होतं. व्हँकुव्हरकरांसाठी कॅपिलानो, उत्तर व्हँकुव्हरच्या जंगलात, १९७१ मधली. जागा म्हणून सगळ्यात देखणी हीच. सॅक्रामेंटोजवळ निंबस हॅचरी आहे, तिथला हंगाम उशिरा, नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो. त्यामुळे दिवाळी करून जाणाऱ्यांनाही जमतं.

आमच्याकडे पासपोर्टही नाही. नागपुरात बसून असलं काही बघता येईल?

सॅमन नाही, पण मत्स्यबीज केंद्र नक्की. विदर्भात तलाव उदंड, भंडारा-गोंदियाचे मामा तलाव तर प्रसिद्धच, आणि त्यांत सोडायला ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था दरवर्षी बीज घेतात. हंगाम जुलै-ऑगस्ट, दोन चांगले पाऊस होऊन हवा गार झाली की. रोहू, कटला, मृगळ वाहत्या पुराच्या पाण्याशिवाय अंडी देत नाहीत, म्हणून संध्याकाळी नर-मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देतात आणि गोल टाकीत पाणी फिरतं ठेवतात. सहा-आठ तासांत, म्हणजे रात्री किंवा पहाटे, अंडी पडतात. हीरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये कटकला हे पहिल्यांदा जमवलं, तो दिवस १० जुलै, आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन.

सॅमनला पन्नास दिवस लागतात, तर आपल्या गरम पाण्यात ही अंडी १४ ते १८ तासांत फुटतात. तीन दिवसांनी जे मिळतं ते जिरे, नावाप्रमाणेच बारीक. मग बोटाएवढी झाली की बोटुकली. आणि आई-बाप मासे जिवंत परत तळ्यात जातात, पुढच्या वर्षी पुन्हा कामाला.

ही केंद्रं पर्यटनाची ठिकाणं नव्हेत. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा, शाळेची सहल असेल तर पत्र द्या. तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. रात्री जागायची तयारी ठेवा आणि टॉर्च न्या.

आणि मनालीला जाणारच आहोत, वाटेत काही आहे का?

आहे. कुल्लू-मनाली रस्त्यावर पतलीकुहलला सरकारी ट्राउट फार्म आहे. ट्राउट हा सॅमनच्याच कुळातला. काश्मीरला गेलात तर कोकरनागलाही तसंच. थंड झऱ्याच्या पाण्याच्या लांबट टाक्या, आत काळ्या ठिपक्यांचे मासे. टाकीच्या कठड्यावर ओणवं होताना चष्मा आणि फोन सांभाळा.